तासाचं भाडं

शनिवार, १२ जुलै
ताम्हिणीत धबधबे सुरू झाले की पुण्यात स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्यांचे दर चढतात. सकाळी ॲपमध्ये पाहिलं, तासाचा दर परवाच्या दुप्पट आणि तरी कोथरूडमध्ये एकही गाडी शिल्लक नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलांनी आधीच घेऊन ठेवली होती : काळी पाटी, पिवळे आकडे. चौघांत वर्गणी काढली की दुप्पट भाडंही जाणवत नाही. सहलीला निघालेला माणूस दर पाहून घरी थांबत नाही. रोजच्या कामाचा माणूस मात्र लगेच मागे फिरतो.

मंगळवार, १५ जुलै
आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. जाऊन-येऊन दोन तासांचं काम. आज गाड्या हव्या तेवढ्या होत्या, पण भाडं किमान आठ तासांचं, वर अनामत. रिक्षाने गेलो. डोळ्यांत थेंब घातलेले, परतताना ढगाळ उजेडही सोसेना. आई पदर डोळ्यांवर धरून बसली होती. दोन तासांच्या पैशांत गाडी मिळती तर नक्की घेतली असती. रात्री ॲपमध्ये पाहिलं, गाड्या तशाच पडून होत्या.

गुरुवार, १७ जुलै
जर्मनीतल्या उल्म शहरात २००९ मध्ये 'कार टू गो' या सेवेने सर्वांसाठी भाड्याच्या गाड्या आणल्या, मिनिटाला १९ सेंट. इंधन, विमा, पार्किंग त्यातच. वीस मिनिटांची फेरी चार युरोंच्या आत. स्वित्झर्लंडची 'मोबिलिटी' ही सहकारी संस्था तासाचे वेगळे आणि किलोमीटरचे वेगळे पैसे घेते. मला पुण्यासाठी हीच पद्धत पटते, त्यातही तासाचा दर अगदी कमी ठेवून. लक्ष्मी रोडच्या कोंडीत मिनिटाचा हिशेब कुणाला परवडणार?
दोन्ही पद्धतींत प्रत्येक फेरीची पूर्ण किंमत डोळ्यांसमोर असते. स्वतःच्या गाडीचा हप्ता आणि विमा मात्र आधीच भरून झालेला असतो. माणूस फक्त पेट्रोल धरतो आणि कोपऱ्यावरच्या दुधालाही गाडी काढतो.

रविवार, २० जुलै
महापालिकेच्या मुख्य सभेने सशुल्क पार्किंगचं धोरण २०१८ मध्ये मंजूर केलं. पण आमच्या गल्लीत अजूनही रात्रभर गाडी लावायला एक रुपया पडत नाही. भाड्याच्या गाडीची खरी स्पर्धा या फुकट जागेशी आहे.
शेजारच्या काकांची दुसरी गाडी महिनोन् महिने झाकलेली असते. ती विकायचं त्यांच्या मनात आहे. म्हणाले, "अरे, कधीमधी तासा-दोन तासांपुरती मिळते का रे गाडी?"
"आपल्याकडे सध्या तरी नाही, काका."
संध्याकाळी त्यांनी विम्याचा हप्ता भरून टाकला.