जागरणाचे गाणे

गाणे ऐकण्यात कानांचा वाटा मोठा, की त्यासाठी दिलेल्या वेळेचा, हा प्रश्न औंधास जाऊन आल्यापासून मला सुटेनासा झाला आहे. सातारा जिल्ह्यातील हे जुने संस्थानी गाव लोकांना ठाऊक आहे ते यमाईच्या डोंगरामुळे आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या चित्रसंग्रहामुळे. गवयांना मात्र ते आठवते तेथील आश्विनातल्या संगीतोत्सवामुळे. अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ तो १९४० साली सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी चालविला. रात्रीची बैठक पहाटेपर्यंत चालावी, ही तेथली रीत.

शहरातील श्रोता घड्याळ बरोबर घेऊनच मैफलीस येतो. त्यात त्याचा दोष नाही. शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही. त्यातून २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री दहाला मुके केले, आणि पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे जागरणही संपले. नियम योग्यच आहे. आजाऱ्याच्या उशाशी तराणा कोणास हवा? परंतु त्या पायी मध्यरात्रीच्या मालकंसाची वेळ गेली ती गेलीच. ललत दिवाळीच्या पहाटे अजून ऐकावयास मिळतो, हे खरे. पण अभ्यंगस्नान आटोपून ताजेतवाने ऐकलेला ललत निराळा, आणि रात्रभर राग ओलांडीत ज्याच्यापाशी येऊन पोहोचलो तो निराळा.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. अतिविलंबित एकतालाचे आवर्तन पाऊण मिनिटाचे धरले, तर तीत चारच आवर्तने बसतील. तेवढ्यातही राग उभा करणाऱ्या गवयांची करामत मी मानतो; मात्र समेची वाट पाहण्याचे सुख त्या काळ्या चकतीत मावणारे नव्हते. सम काही गवई एकटा गाठीत नाही. तिच्याकडे डोळे लावून बसलेली सभाही ती गाठीत असते, आणि ही सवय अंगी मुरावयास एखादा तास पुरत नाही.

औंधास माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. रात्री दोनच्या सुमारास ते पेंगू लागले. सतरंजीवर मुले केव्हाच आडवी झाली होती. गृहस्थांची हनुवटी छातीला टेकली, श्वास जड झाला. पण दर समेला त्यांचा उजवा हात मांडीवर अचूक पडत होता.