दादाजानचे पाऊल

मुलांनो, तुमच्या घरातील एखादे वृद्ध माणूस चालता चालता एकाएकी थबकते का? मग माझ्या हातून घडलेली ही चूक जरूर ऐका.

आमचे दादाजान जुन्या जालन्यात राहत. फजरच्या नमाजनंतर ते मोतीबागेपर्यंत फिरायला जात. पुढे त्यांना पार्किन्सनचा आजार जडला. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन लिहिले, म्हणून त्याला हे नाव पडले. यात मेंदूतील डोपामाइन हे द्रव्य कमी होते. हात थरथरतात, पावले आखूड पडतात. कधी कधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात.

एके सकाळी दादाजान उंबऱ्यापाशी असेच थांबले. मला शाळेची घाई होती. मी त्यांचा हात धरून ओढला. शरीर पुढे आले, पाय मात्र तिथेच राहिले. ते पडले आणि त्यांचे मनगट मोडले. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

डॉक्टरांनी मला समजावले, "त्यांना ओढू नकोस. आधी स्थिर उभे राहू दे. मग वजन एका पायावर घेऊन दुसऱ्या पायाने मोठे पाऊल टाकायला सांग." वळताना जागच्या जागी न फिरता मोठा वळसा घ्यावा, हेही त्यांनी सांगितले. मग आम्ही वाटेतली सतरंजी उचलली, रात्री दिवा ठेवला आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. मनगटाच्या उंचीची, टोकाला रबर असलेली काठी आणली.

पुढे मी पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांच्याविषयी वाचले. त्यांच्या काकांनाही हाच आजार होता. त्यांना सपाट जमिनीवर चालणे जड जाई, पण जिना ते सहज चढत. म्हणून मिलेहांनी जमिनीवर पायऱ्यांचे चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालू लागले! डोळ्यांना खूण दिसली, की अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते.

मीही उंबऱ्याजवळ एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. दादाजान थांबले. मीही थांबलो. "बिस्मिल्लाह" म्हणून त्यांनी पहिली पट्टी ओलांडली, मग दुसरी.

मुलांनो, हा उपाय प्रत्येकाला लागू पडेलच असे नाही; डॉक्टरांना विचारावे. पण अडलेल्या माणसाजवळ घटकाभर थांबणे आपल्या सर्वांनाच जमते.