चिकाचा मान

२ ऑगस्ट
अकोले तालुक्यात पावसाची झड लागलेली. पहाटे सव्वाचारला आरोग्य केंद्रात वाडीतली सून बाळंत झाली. मुलगी, २ किलो ६०० ग्रॅम. सिस्टरांनी पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवली. सासूबाईंच्या पिशवीत मधाची बाटली होती. म्हणाल्या, “ताई, चीक जड असतो. तीन दिवस पिळून टाकायचा, आमच्यात असंच.” पहिला तास सरत चालला होता. मी विचारलं, “आजी, गाय व्याली की वासराला आधी काय पाजता?” “चीकच की! नाहीतर ते उभं कसं राहील?” बोलल्या आणि गप्प झाल्या. पाचच्या आत पोर पिऊ लागली.

३ ऑगस्ट
बाळंतीण रडवेली. “दूध येतच नाही, ताई.” हलकं दाबून दाखवलं, पिवळा दाट थेंब आला. एका दिवसाच्या बाळाचं पोट ते केवढं, त्याला चमचाभरही पुरतं. रोगाशी लढायचं बळ याच चिकात असतं. मधातून मात्र तान्ह्याला घातक जंतू जाऊ शकतात. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं, म्हणून दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा तरी पाजायचं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावून दिलं. नुसतं बोंड नव्हे, भोवतालचा काळा भागही तोंडात हवा.

४ ऑगस्ट
घरी आल्यावर पहिली भेट. झोळीच्या काट्यावर २ किलो ४८०. आजी घाबरल्या. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, हे समजावलं. संध्याकाळी निरोप आला, पान्हा फुटला.

६ ऑगस्ट
आज पाचवी. पूजा झाली, पाटा मांडला. गुटीचं बोट मात्र चाटवलं नाही. सहा महिने पाणीसुद्धा नाही, हे आजीच पाहुण्यांना सांगत होत्या.

८ ऑगस्ट
२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ८९ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या. पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते सुमारे ४२ टक्के बाळांना. म्हणजे दवाखान्यात पोचूनही तो तास हातचा जातो. माझ्या थोरल्याचा चीक मीही तीन दिवस पिळून टाकला होता. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. ती हळहळ अजून जात नाही, म्हणून प्रत्येक बाळंतिणीजवळ बसते.

१५ ऑगस्ट
शाळेतलं झेंडावंदन आटोपून चौदाव्या दिवसाची भेट. २ किलो ७८०. पोर गुटगुटीत दिसायला लागलीय.
वाडीत पुढच्या महिन्यात आणखी दोघी बाळंत व्हायच्या आहेत. त्यांच्या सासवांना माझं एवढंच सांगणं: गायीचा पहिला चीक आपण वासराच्या तोंडचा काढत नाही, नातवंडाच्या तोंडचाही काढू नका.