एका काठाची वाट

चिखलदऱ्याच्या पठारावर तलावाला चक्कर मारता येते; खाली सेमाडोहला सिपना नदीच्या डोहाला मारता येत नाही. मेळघाटात पायी फिरू द्यावं की नाही, हा वाद अधूनमधून निघतो. त्याचं उत्तर मला या फरकात दिसतं. वरचं पाणी माणसानं अडवलेलं आहे. पठार हजार मीटरहून उंच, पावसाळ्यात दिवसचे दिवस धुक्यात, पायाखाली काळा कातळ आणि त्यावर घोट्याएवढं गवत. अशा जागी पाणी टिकवायचं तर बांध घालावाच लागतो, मग ते 1425 च्या सुमारास बहमनी अहमदशहा वलीनं उभारलेल्या गाविलगडातले जुने तलाव असोत की चिखलदऱ्याचा शक्कर तलाव. अशा तलावाच्या बांधावरून निघावं, पाणी डाव्या हाताला ठेवावं, थोड्या वेळानं तोच बांध पुन्हा समोर येतो. वळायचं कुठे हे ठरवावं लागत नाही, म्हणून डोकं मोकळं राहतं. ऑफिसातली कुरबूर आणि मुलीचं स्थळ, दोन्ही विषय एका फेरीत बसतात. पाण्याभोवती चालण्याची शहरी माणसाची कल्पना अशा तलावांवर घडलेली आहे, आणि ती तशीच उचलून डोहाकाठी नेली की घोटाळा होतो.

सिपना, गडगा, खंडू, खापरा आणि डोलार या मेळघाटातल्या पाच नद्या, पाचही शेवटी तापीच्या. पाऊस इथे भरपूर, पण खालचा बेसॉल्ट पाणी धरण्यात कंजूष आणि डोंगराचा उतार उभा. पाऊस सरला की धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात तिचे तुकडे पडतात. जिथे पुरानं वळणावर कातळ खोल कोरलेला असतो तिथेच पाणी उरतं. चैत्र-वैशाखात सागाची पानं झडलेली, जमिनीवर पापडासारखा पाचोळा, सावली उरते ती काठच्या कहू-जांभळांची. मग आसपासच्या प्रत्येक जनावराचे पाय त्या थोड्या पाण्याकडे वळतात: सांबर, रानगवा, अस्वल, रानकुत्री आणि त्यांच्यामागून वाघ. 1990-91 मध्ये मेळघाटात मगरी पुन्हा सोडल्या गेल्या, त्याही याच खोल पाण्यांच्या भरवशावर. डोह हा उन्हाळ्यात जंगलाचा एकुलता एक पाणवठा असतो, आणि तलावाशी त्याची बरोबरी इथेच संपते. पठारावरच्या तलावाला माणसानं चहूबाजूंनी वेढा दिला तर फारसं बिघडत नाही. डोहाचे दोन्ही काठ माणसानं धरले तर तहानलेल्या जनावरानं उतरायचं कुठून?

असं असेल तर पायी फिरणंच बंद ठेवा, जिप्सीतून जे दिसेल ते पाहा आणि घरी जा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. हिवाळ्याच्या सकाळी डोहाकाठची ओली वाळू जवळून पाहिली तर सांबराच्या खुराची कड धारदार असते आणि ठशाच्या तळाशी पाणी नुकतं झिरपत असतं. म्हणजे जनावर आत्ताच गेलं. तोच ठसा काठाशी भुसभुशीत झालेला असेल आणि आत वरच्या फांदीवरून ठिबकलेल्या दवाचे बारीक खळगे पडलेले असतील, तर तो रात्रीचा. कातळावर पाण्याच्या उतरत्या पातळ्या पांढुरक्या रेघांनी उमटलेल्या असतात, एकीखाली एक. पाणी कसकसं आटत आलं ते त्यांच्यावरून कळतं. यातलं काहीही गाडीच्या सीटवरून दिसत नाही. जिप्सीत बसलेल्या माणसाला वाघ दिसला की जंगल दिसलं आणि नाही दिसला की पैसे वाया गेले. डोहाकडे तर तो पाहतसुद्धा नाही, फोटोत मागे पाणी आलं तर बरं इतकंच. आणि मुळात मेळघाटाची सगळी माहिती पायांनीच गोळा होते. देशभरच्या व्याघ्रगणनेत वनरक्षक आपल्या बीटमध्ये रोज पाच किलोमीटर याप्रमाणे तीन दिवस मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधत चालतो, आणि दोन किलोमीटरच्या ठरलेल्या रेषेवरून चालत तृणभक्षी मोजतो. नामशेष झाला असं मानलेला रानपिंगळा 113 वर्षांनी 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला, तोही त्याला शोधत जंगल तुडवणाऱ्यांनाच. नंतर तो मेळघाटातही मिळाला.

कायद्याचा मुद्दा लोक समजतात तितका कडक नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं 27 वं कलम अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायला मनाई करतं, पण आतले रहिवासी आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारे यांना त्यातून वगळतं. लगेच पुढचं 28 वं कलम परवाना कशासाठी देता येईल ते सांगतं, आणि त्या यादीत अभ्यासाबरोबर पर्यटनही आहे. म्हणजे पायी की गाडीनं, हा निर्णय धोरणाचा आहे.

दुसऱ्या टोकाला एक वेगळाच गट आहे. त्याचं म्हणणं, चालणं हा माणसाचा हक्क आहे आणि हक्काला परवाना लागत नाही. या गटाच्या मागे इंग्लंडचा मोठा दाखला उभा आहे. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधोमध किंडर स्काउट नावाचं उजाड पठार आहे, खाली किंडरचा जलाशय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी पठारं गिरणी कामगारांना बंद होती: पाणी पुरवणाऱ्यांना आपलं पाणलोट क्षेत्र घाण होण्याची भीती, आणि जमीनदारांना ग्राउस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी मोकळं रान हवं. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार जलाशयाच्या बाजूनं मुद्दाम वर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला, त्यांत वीस वर्षांचा बेनी रॉथमन होता. पण 2000 साली झालेल्या कायद्यानं तिथल्या खुल्या डोंगरपठारांवर फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. इतिहास स्फूर्तिदायक आहे यात शंका नाही. पण तो मेळघाटाला लावताना एक गोष्ट विसरली जाते. किंडरला बंदी होती ती मुख्यतः मूठभर श्रीमंतांच्या बंदुकीसाठी, आणि ती मोडणारे त्याच परिसरातले श्रमिक होते. सेमाडोहला बंदी आहे ती जनावरांच्या पाण्यासाठी. ती मोडायला निघणारा माणूस बहुधा पुण्या-नागपूरहून गाडीनं आलेला असेल. हक्काची भाषा तीच, पण बोलणाऱ्याची जागा उलटी झालेली.

इथे किंडरच्या कामगाराच्या जागी कोणाला बसवायचं असेल तर कोरकूंना बसवावं लागेल. मोहफुलं, तेंदूपत्ता, चारोळी, डिंक यांच्यासाठी पिढ्यानपिढ्या पडलेल्या वाटा त्यांच्याच आहेत. वन विभागाच्या जाळरेषाही, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेले पट्टेही, जागोजाग त्याच वाटा कापत जातात. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याचा गाभा सुमारे 1500 चौरस किलोमीटरचा आहे, आणि बोरी, कोहा, कुंड, वैराट यांसारखी गावं जंगलातून बाहेर नेली गेली. त्यामुळे एक आक्षेप खरोखर टोचणारा आहे: ज्यांना वाटेवरून उठवलं, त्यांच्याच वाटेवर शहरी पाहुण्याला दुर्बीण देऊन का सोडायचं? या आक्षेपाला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही, आणि कोणी आहे म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण वाट कोणाच्याच पायाखाली राहिली नाही तर ती बुजते. एका पिढीत ती कोणाला सांगताही येत नाही. वाट दाखवणारा, थांब म्हणणारा, मागे फिर म्हणणारा माणूस कोरकूच असेल आणि त्याचा शब्द शेवटचा असेल, तर निदान ज्ञान ज्याचं आहे त्याच्या हाती अधिकारही जातो. केरळात पेरियारला असंच झालं. 1895 मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाच्या जलाशयाभोवतीच्या व्याघ्र प्रकल्पात, पूर्वी चोरून झाडांच्या साली काढणारे आणि शिकार करणारे लोकच पायी फेरीचे वाटाडे झाले. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, याच सातपुड्यात, सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही पायी सफारी चालते. देनवा नदीत शिरलेलं तवा धरणाचं पाणी तिथे काठाशीच आहे.

वन्यजीव अभ्यासकांचा आक्षेप याहून नेमका आहे. गाडीला जनावरं सरावतात, पायी माणूस दिसला की लांबून पळतात. मग चालणाऱ्यामुळे त्रास कमी कसा? हे खरं आहे. अस्वलाचा धोकाही खरा: ते अचानक समोर आलेल्या माणसावर धावून जातं. पण यातून चालणं वर्ज्य ठरत नाही. वेळ आणि ऋतू ठरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाल्यानाल्यांत पाणी असतं, जनावर पाण्यासाठी एकाच डोहाला बांधलेलं नसतं, पळालं तरी दुसरीकडे पिऊ शकतं. ऊन चांगलं वर आल्यानंतर बहुतेक जनावरं सावलीत बसलेली असतात. मार्च लागला की हे गणित मोडतं आणि मग एकही पाऊल काठाला पडता कामा नये, वाटाड्याबरोबरसुद्धा नाही. पेरियार आणि तवा इथलं पाणी बारमाही साठ्याचं आहे. त्यांचा नियम सिपनेला जसाच्या तसा लावता येणार नाही, हेही मान्य करायला हवं.

तेव्हा माझी मागणी अशी: सेमाडोह ते कोलकासच्या पट्ट्यात सिपनेच्या एकाच काठानं पायी फेरी सुरू करावी, गेलेल्या वाटेनंच परत यावं. दुसरा काठ पर्यटकाला कायमचा बंद. सहा माणसांमागे दोन कोरकू वाटाडे, फेरी फक्त हिवाळ्यात, आणि जेवढ्या पायी फेऱ्या सुटतील तेवढ्या जिप्सीच्या फेऱ्या त्या दिवशी कमी. वाटाड्याची मजुरी आणि गावाच्या समितीचा वाटा तिकिटातूनच निघाला पाहिजे, म्हणून पायी फेरीचं तिकीट जिप्सीच्या भाड्याहून स्वस्त ठेवू नये.