मधलं शहर

टोरांटोहून, लेकीकडून परतताना इस्तंबूलला दिवसभर मुक्काम होता. आया सोफियासमोरची रांग बघूनच पाय दुखायला लागले, म्हणून सरळ गलाता पुलावर गेले. कठड्याला माणसं ओळीनं गळ टाकून उभी. एका आजोबांच्या पांढऱ्या बादलीत बोटाएवढे मासे अजून तोंडं उघडत होते. आजोबांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला चक्क बरं वाटलं. इतके दिवस सगळे माझीच काळजी घेत होते.

मग बोटीनं काडीकोयला. वीसेक मिनिटांत युरोप संपून आशिया लागतो, पण लोक आपले चहा ढवळत फोनमध्ये. रोजचंच त्यांचं.

रात्री विमानात झोप नाही. पडद्यावरचं इवलंसं विमान अनातोलियावरून पूर्वेकडे सरकत होतं. घड्याळ अडीच तास पुढे करायचं होतं, ते राहूनच गेलं. निघताना लेक काहीतरी सांगणार होती, असं सारखं वाटत होतं. विमानतळावर आम्ही दोघी फक्त बॅगांच्या वजनाबद्दल बोललो. फोनवर विचारावं का? विचारलं तर म्हणेल, काही नाही गं आई.