रिकामं भांडं

शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, ही आमच्या दादीची शिकवण. घरात काहीच नसलं तरी चिमूटभर साखर, मूठभर तांदूळ, काहीतरी त्याच्या तळाला हवंच. दापोली तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात मी हा रिवाज जन्मभर पाळला. अमेरिकेत गेले तेव्हाही पाळला. तिथे मोडलं ते दुसरंच काहीतरी. त्याची ही हकीकत.

माझा मुलगा जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात नोकरीला आहे. ह्यांच्या इंतकालाला वर्ष झालं आणि मुलाने हट्टच धरला, तेव्हा ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस मी त्याच्याकडे गेले. अमेरिका म्हणजे बर्फ, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण हा मुलूख दक्षिणेकडचा. दमट हवा, भरती-ओहोटीचं पाणी, उंच गवताने भरलेल्या खाऱ्या दलदली आणि कोळंबी पकडणाऱ्या होड्या. पहिल्या दिवशी नाकात चिखलाचा वास शिरला आणि मला घरची खाडी आठवली.

मुलाने घर नुकतंच घेतलं होतं. शेजारी एक सत्तरीची काळी बाई एकटी राहायची. गल्लीतले सगळे तिला पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारत. आपण नावापुढे आपा लावतो, तसंच ते. मी मनातल्या मनात तिला आपाच म्हणू लागले. घरापुढे तिची हिरवळ होती, पण खरा संसार मागच्या अंगणात. कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी, रुंद जाड पानांची कोलार्ड नावाची भाजी तिने ओळीने लावली होती. आपा खालची मोठी पानं तेवढी काढायची आणि शेंडा तसाच ठेवायची. "एक कडक थंडी पडू दे, मग बघ गोडी," असं ती सांगायची. कुंपणाच्या एका बाजूला तिचं इंग्रजी, दुसऱ्या बाजूला माझं मोडकंतोडकं. पण पानावरची अळी आणि मुळाशी घालायचं खत यांना भाषा लागत नाही. आमची गट्टी जमली.

एक जानेवारीला सकाळी आपा दोन भांडी घेऊन दारात उभी. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाल्ली की नशीब उघडतं, हिरवा पाला म्हणजे नोटा आणि मक्याची भाकरी म्हणजे सोनं, असा तिकडे समज आहे. एका भांड्यात चवळी-भात होता, त्याला 'हॉपिन जॉन' म्हणतात. दुसऱ्यात तासन् तास शिजवलेलं कोलार्ड. सून हळूच म्हणाली, "अम्मी, यात डुकराचं मांस असणार. इकडे धुरावलेली तंगडी टाकल्याशिवाय हा पाला शिजवत नाहीत. मी सांगून येऊ का त्यांना?"

मी म्हटलं, "नको. एवढ्या मायेने आणलंय, सणाच्या दिवशी तिचं मन कशाला मोडायचं?"

आणि मी दोन्ही भांडी मागच्या कुंपणाशी, खताच्या ढिगावर उपडी केली. वरून वाळला पाचोळा पसरला. भांडी घासून, रिवाजाप्रमाणे त्यात शिरा भरून परत नेली. आपाने तिथेच उभ्याने बोट लावून शिरा चाखला आणि विचारलं, "पाला कसा झाला होता?" मी म्हटलं, "फार छान."

एवढं छान म्हटल्यावर ती पुन्हा आणणारच. जानेवारीच्या शेवटी तिने पुन्हा आणला. मी पुन्हा तेच केलं. पण त्या रात्री रॅकून नावाच्या मांजराएवढ्या प्राण्याने ढीग उकरला. सकाळी मी बाहेर आले तेव्हा आपा कुंपणाशी उभी होती आणि मधे हिरवी पानं पसरलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. पुढचे आठ दिवस कुंपणाशी कोणी आलं नाही.

त्या आठ दिवसांत मला माझी अम्मा दिसत राहिली. मी दहा वर्षांची असेन. ईदच्या दिवशी अम्माने शेजारच्या काकूंकडे शिरखुर्मा पाठवला होता. काकूंनी हसतमुखाने घेतला. संध्याकाळी अम्मा विहिरीकडे जाताना केळीच्या बुंध्याशी दुधातल्या शेवया पडलेल्या दिसल्या. कोंबड्या त्या टिपत होत्या. अम्मा कोणाला काही बोलली नाही. पुढच्या ईदपासून ती कोऱ्या शेवया, साखर, खोबरं, चारोळी असा शिधा पाठवू लागली. काकू तो आनंदाने घ्यायच्या. पण अम्माने त्यांच्या अंगणात पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी मात्र काकूंना पन्नास वर्षं माफ केलं नव्हतं. शाळेत मुलांना समतेचा धडा शिकवताना प्रत्येक वेळी तो केळीचा बुंधा माझ्या डोळ्यांसमोर यायचा.

आता मीच काकू झाले होते. मनाला समजावलं की त्यांचं सोवळं होतं, माझा दीन आहे. त्यांनी माझ्या आईच्या हाताचा विटाळ मानला, मी फक्त एक हराम जिन्नस टाळला. हा फरक आहेच, तो मी आजही मानते. पण आपाला त्यातलं काय ठाऊक? तिला दिसलं ते एवढंच, की आपण रांधलेलं अन्न शेजारणीने मातीत ओतलं आणि वर तोंडभर स्तुती केली. पाला न खाण्याचं कारण माझ्याकडे होतं. खोटं बोलण्याचं कारण कुठल्याच किताबात नव्हतं.

नवव्या दिवशी मी तिच्या दारावर टकटक केली. सुनेला बरोबर घेतलं नाही. घोकून ठेवलेलं इंग्रजी ऐन वेळी विसरले. म्हटलं, "मी मुसलमान. डुक्कर नाही खात. मी खोटं बोलले. माफ करा."

आपा बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू खाल्लं नाहीस याचा राग नाही. मला वेडी समजलीस, याचा आहे." खुर्ची ओढून दिली आणि सांगू लागली. तिचा धाकटा भाऊ १९७५ साली मुसलमान झाला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा आईने त्याच्या आवडीचा पाला रांधला होता. त्याने ताट सरकवलं. आई आधी चिडली, मग रडली आणि शेवटी बाजारात जाऊन एक नवं भांडं घेऊन आली. त्यात डुकराऐवजी धुरावलेली टर्की पडू लागली. "आमच्या घरात ते भांडं अजून आहे," आपा म्हणाली. "तुला फक्त तोंड उघडायचं होतं."

खरं बोलायला सुरुवात केलीच होती, म्हणून मी हेही सांगितलं, की टर्कीसुद्धा जबीहाची हवी. ती हसली. "मग धूर आणि मीठ कुठून आणायचं? त्याशिवाय हा पाला म्हणजे नुसतं गवत."

मला एकदम माझ्या बॅगेतले सोडे आठवले. हर्णैच्या बाजारातून नेलेली सुकी, सोललेली कोळंबी. आमच्याकडे वांग्यात, माठाच्या भाजीत मूठभर सोडे पडले की मटणाची याद येत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या चुलीवर प्रयोग झाला. तेलात कांदा, लसूण, सुकी मिरची, त्यावर भाजलेले सोडे, मग चिरलेला पाला आणि पाणी. तासभर मंद शिजवून शेवटी सिरक्याचे दोन थेंब. आपाने पातेल्याच्या तळाचा हिरवा रस कपात ओतून घेतला. पाल्याइतकंच त्या रसाचं तिकडे कौतुक. घोट घेऊन म्हणाली, "हे नवं नाही. हे जुनंच आहे." पश्चिम आफ्रिकेत आजही पाल्याच्या कालवणात सुकी कोळंबी आणि सुकी मासळी पडते, हे मला नंतर कळलं. मक्याची भाकरी तिने बिडाच्या भांड्यात भाजली. भांडं आधी कडकडीत तापवायचं आणि मग पीठ ओतायचं, अगदी आपल्या घावनासारखं. फरक एवढाच, की चरबीच्या जागी तूप होतं.

रमजानमध्ये तिचा भाऊ आमच्याकडे इफ्तारला आला. खजूर तोंडात टाकून त्याने सपेलो बेटाची गोष्ट सांगितली. सव्हानाच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून होडीने जावं लागणारं हे बेट. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिलाली मुहम्मद नावाचा गुलाम होता. मूळ गिनीतल्या फुटा जालोनचा. त्याने अरबीत लिहिलेली तेरा पानं जॉर्जिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. वुजू आणि नमाजचे मसले आहेत त्यांत. १९३०च्या दशकात त्याच्या वंशातल्या केटी ब्राउन या वृद्धेने आपल्या आजीची आठवण सांगितली आणि ती १९४०मध्ये पुस्तकात छापली गेली. आजी, म्हणजे बिलालीची मुलगी, तांदूळ धुऊन रात्रभर भिजत ठेवायची, सकाळी लाकडी उखळात कुटायची, मध किंवा साखर घालून चपट्या वड्या करायची आणि पोरांना बोलावून हातावर ठेवायची. दर वर्षी ठरलेल्या दिवशी. त्या वड्यांना ती 'सरका' म्हणायची. अभ्यासक या शब्दाचं मूळ 'सदका'मध्ये शोधतात.

मी गप्प झाले. भिजवलेले तांदूळ, उखळ, पोरांच्या हातावर पडणारा घास. आमच्या दादीचा मलिदा याहून वेगळा काय होता? मालकाच्या शेतात राबणाऱ्या बाईकडे स्वतःचं असं काय असणार? तरी तिने वाटून खाल्लं. भाषा गेली, नावं गेली, पुढच्या पिढ्या चर्चमध्ये जाऊ लागल्या. पण एका वडीत तो शब्द टिकून राहिला. आणि मी, सगळं धडधाकट असलेली, शेजारणीशी एक खरं वाक्य बोलायला महिना लावला.

ईद करून मी एप्रिल २०२३च्या अखेरीस परतले. निघण्याआधी आपाच्या बरणीतलं भेंडीचं बी मुलाच्या अंगणात पेरलं. भेंडीही तिथे गुलामांबरोबर आफ्रिकेतून पोचली. तिला ते 'ओक्रा' म्हणतात, तोही इग्बो भाषेतून आलेला शब्द. जूनमध्ये मुलाने फोटो पाठवला. आपा त्याच्याच अंगणात भेंडी कापत होती. दोन दिवस राहिली की ती निबर होते, आणि आजच्या पोरांना वेळ कुठे असतो?

२०२४ची ईद आपल्याकडे गुढीपाडव्यानंतर दोनच दिवसांनी आली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची सून आता त्या घरात असते. मी शिधा बांधायला घेतला आणि थांबले. तिच्या दारात जाऊन विचारलं, "अगं, शिरखुर्मा केलाय. तुला चालतो का? खरं सांग, मला राग नाही यायचा."

ती गडबडली. थोडा वेळ पदराशी चाळा केला. मग म्हणाली, "बाई, मला चालतो. पण घरात चैत्रगौर बसलीय, आज आत नाही नेता यायचा. मी तुमच्याकडे येऊन खाते."

आली. आमच्या ओट्यावर बसून दोन वाट्या खाल्ल्या. येताना पदराआड आंब्याची डाळ घेऊन आली होती. ती गेल्यावर मी वाटी धुतली आणि परत करण्याआधी तिच्यात मूठभर तांदूळ घातले.