हातभर अंतरावरची दुर्बीण

टेक्सासमधला माझा भाचा हरणाच्या शिकारीसाठी रिव्हॉल्व्हर निवडत होता. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. आजोबांची ठासणीची बंदूक तेवढी आठवते. दुकानदाराने २००३ साली आलेले .५०० मॅग्नम दाखवले. "मामा, हेच घेतो!"

"अरे, दणक्याच्या धास्तीने डोळे मिटले तर नेम कुठला?"

शेवटी १९५५ पासूनचे जुनेजाणते .४४ मॅग्नम ठरले. दुर्बीण मात्र रायफलची चालत नाही. ती डोळ्यापासून चार बोटांवर, ही हात लांब करून पाहायची. वजन वाढते ते वेगळेच! सराव केल्यावर पन्नास यार्डांपलीकडे गोळी झाडायची नाही, असे त्याने स्वतःच ठरवले. जखमी हरीण झुडपात शिरले की रात्रभर शोधावे लागते. त्याची धारवाडची बायको म्हणाली, "अष्टे साकु री!"